नोंद क्रमांक सत्त्याऐंशी

ता. ६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दादा दिवसभर करतो तरी काय, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. म्हणून सरत्या वर्षात माझ्या हातून झालेल्या वस्तूंची यादी देतो. सोनारासाठी पितळी तराजू एक, पारड्यात केस टाकला तरी झुकतो. जमिनीवरचा मोठा काटा एक, पाच क्विंटलचा, सगळा भंगारातल्या सुट्या भागांतून. बारा फुटी घडीची मोजकाठी, सागवानी, तिन्ही सांध्यांना पितळ. कोन मोजायचं यंत्र, मोडक्या तराजूची दांडी आणि जुन्या चष्म्याची भिंगं मिळून. किल्ल्याचा प्लास्टरचा नमुना, दोनशेला एक या प्रमाणात. तुझ्या वहिनीसाठी स्टूल. त्याचा एक पाय डुगडुगतो असं ती म्हणते. तो डुगडुगत नाही, आमची फरशी वाकडी आहे. आणि शेवटी नकाशा, चार फूट बाय तीन, किल्ला आणि भोवतालचं रान, एकशे बेचाळीस नावांसकट.

यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, हे तुला माहीत आहेच. पण कुठला अभियंता माझ्या नकाशात एक इंच चुकलेला दाखवील, तर मी दुकानाची पाटी उतरवीन.

आता तुझी चूक. वेढ्यानंतर नव्या राज्यकर्त्यांच्या कारकुनाने जी मोजणी केली, तिच्या वहीतली नावं तू नऊ वर्षांपूर्वी उतरवून पाठवलीस. प्रत्येक जागेचं नाव, धारक आणि नाव पडण्याचं कारण. त्या यादीवरूनच माझा नकाशा उभा आहे. नक्कल करताना परवा पहिल्यांदा आकडे तपासले. शेवटचा क्रमांक एकशे त्रेचाळीस, नावं मात्र एकशे बेचाळीस. शहाऐंशी नंतर एकदम अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी म्हणजे आपला कावळ्यांचा बुरूज, आणि त्याचं कारण कारकुनाने लिहिलंय की त्या दिवसापासून तिथे कावळे फार. अगं, त्या दिवसापासून म्हणजे कोणत्या? ते आधीच्या नोंदीत असणार, आणि नेमकी तीच तू गाळलीस! अभिलेखागारात तीस वर्षं काढून ही तऱ्हा. लवकर पाठव.

इथे डोंगराच्या मागच्या अंगाला दगडाची खाण सुरू झालीये. सकाळी अकराला आणि दुपारी चारला सुरुंग उडतात. परवा एक धोंडा आमच्या शेजारच्या भट्टीवाल्या म्हातारीच्या आवारात आला आणि तिच्या शेळीच्या पाठीत बसला. शेळी दुमडली ती उठलीच नाही. म्हातारीने धोंडा उचलून माझ्याकडे आणला आणि तोलून मागितला. सव्वातीन किलो. तो आकडा तिने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलाय. खाणीला परवानगी मागच्या उताराची, किल्ल्याची नाही. पण खाणमालकाची नजर बुरुजांच्या घडीव दगडावर आहे, हे आंधळ्यालाही दिसेल.

तरी त्यांच्यात एक माणूस जाणता निघाला. त्यांचा चष्मेवाला इंजिनिअर दुकानात आला होता. दोन तास नकाशा पाहत बसला. म्हणाला, त्यांच्या कॉलेजात पाच वर्षं घालवून एवढं अचूक काम कोणाला जमत नाही. कुठे काय आहे ते माहीत असलं तर ती जागा सुरुंगातून वाचवता येईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पारदर्शक कागदावर एक नक्कल काढून दिली. त्याने मला सर म्हटलं. तुझ्या वहिनीने त्यावरून दोन दिवस माझी हजामत केली, चहा पुढे ठेवताना घ्या सर, आणि भांडी घासून झाल्यावर पुसा सर.

फोन करत जा म्हणून सांगू नकोस. फोनवर बोललेलं नोंदीला राहत नाही. लोभ आहेच, वजनात कमी भरला तर परत पाठव, दुरुस्त करून देईन.

तुझा,
दादा

———

ता. १५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी यादी वाचली. त्यात एक वस्तू राहिली, ती म्हणजे स्वतःचा उंच पुतळा. तो तू रोज थोडाथोडा करतोस. रागावू नकोस, मी धाकटी असल्याने मला एवढी सवलत आहे.

इथे आमच्या दालनात उंदरांनी एका अख्ख्या तालुक्याची वंशावळ खाल्ली. वरिष्ठ म्हणाले, उंदरांकडून खुलासा मागवा. तळमजल्याला ओल आली म्हणून जुन्या वह्या वर हलवल्यात आणि माझे गुडघे रोज चार वेळा मला शिव्या देतात. त्यामुळे सत्त्याऐंशीचं बघायला सवड नाही. ते पान बहुधा फाटकं असावं. एका नावावाचून तुझा नकाशा अडलेला नाही. एकशे बेचाळीस पुष्कळ झाली. जाऊ दे.

मला काळजी वेगळीच वाटते. नक्कल देताना तू त्यात टाक्याची खोली लिहिलीस का? बुरुजाखालच्या त्या बुजलेल्या टाक्याची आणि त्यात जाणाऱ्या मोरीची मापं? ज्याला जागा वाचवायची आहे त्याला ती कुठे आहे एवढं कळलं तरी पुरतं. ती आतून किती पोकळ आहे हे कशाला लागतं? दादा, कोणी तुझ्या कामाची स्तुती केली की तुझा मेंदू विरघळतो. चोराच्या हाती खजिन्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. जा आणि ती नक्कल परत माग. लाजू नकोस.

दुकानाच्या दारावरचा तू कोरलेला दगड पुसून ठेवतोस ना? वहिनीला नमस्कार. स्टूल डुगडुगतं, मी बसले आहे त्यावर.

पत्र आलं की वाचेन, न आलं की वाट पाहीन. दोन्हीत तूच.

तुझी,
धाकटी

———

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कावळ्यांचा बुरूज राहिला नाही. क्रमाने लिहितो.

मी नक्कल परत मागायला गेलो नाही. तुझं पत्र मिळालं, वाचलं आणि बायकांना सगळीकडे चोर दिसतात असं म्हणून फळीवर ठेवलं. हे आधी लिहून टाकतो.

तीस जानेवारीला सकाळी अकराचा सुरुंग मागच्या उतारावर झालाच नाही. अकरा वाजून सहा मिनिटांनी आवाज झाला तो खालून, जमिनीच्या पोटातून. दुकानातली सगळी पारडी एकदम नाचली. बाहेर आलो तर बुरूज जागच्या जागी खाली बसत होता, गुडघे मोडलेल्या माणसासारखा. मग तो फुटला. दगड इतक्या वेगाने आले की भट्टीवालीची मागची भिंत कागदासारखी आत गेली. म्हातारी पुढच्या दाराशी होती म्हणून वाचली.

मी जॅक घेऊन वर धावलो. सुरुंग भरणारे दोन मजूर बाहेर पडायच्या आत वात पेटवली होती. एकाचं फक्त मनगट दिसत होतं, त्यावर घड्याळ चालू होतं. दुसरा जिवंत होता. त्याच्या कमरेपासून खाली घडीव दगड होता, माझ्या हिशेबाने चाळीस मणांचा. मी जॅक लावला. दगड दोन बोटं उचलला गेला तेव्हा खाली काय उरलंय ते मला दिसलं आणि मी जॅक तसाच धरून ठेवला, कारण सोडला असता तर त्याला कळलं असतं. तो मला सारखा विचारत होता की त्याचे बूट कुठे गेले, नवे होते. मी म्हणालो, माझ्या दुकानात ठेवलेत. पंचवीस मिनिटांनी त्याने विचारायचं थांबवलं.

वर पाहिलं तर इंजिनिअर उभा होता आणि त्याच्या हातात माझी नक्कल होती. माझं अक्षर. मोरी दीड फूट रुंद, तीन फूट दोन इंच उंच, बावीस फूट चार इंच आत गेल्यावर टाकं. त्या मोरीवर त्याने लाल पेन्सिलीने सात फुल्या मारल्या होत्या. वरून पाडायला त्यांना दोन महिने लागले असते. खालची पोकळी मी दाखवली म्हणून एका सकाळीत काम झालं.

माझ्या खांद्याला मोजकाठी होती. घडीतली, म्हणजे तीन फुटांची. ती मी त्याच्या तोंडावर घातली. चष्मा फुटला, जबडा बाजूला सरकला, तो खाली बसून दात हातात घेऊन मोजू लागला. मी आणखी दोन घातले. तिसऱ्या फटक्याला काठी सांध्यात तुटली. सांधा मीच केला होता, तो तुटायला नको होता. लोकांनी मला ओढून काढलं नसतं तर मी त्याला मारलं असतं, हे मी पोलिसांनाही जसंच्या तसं सांगितलं. खटला होईल.

आता पुढचं ऐक. टाकं फुटलं तेव्हा त्यातून चुन्याचे थरच्या थर बाहेर पडले, पांढरे, वाळलेल्या सायीसारखे, आणि त्या थरांत हाडं आहेत. मी स्वतः एक कवटी पाहिली. कपाळावर आडवा कापलेला घाव, कडा स्वच्छ. शेजारी एवढीशी दुसरी, माझ्या मुठीत मावेल एवढी. खाणमालक म्हणतो, शेळ्या-मेंढ्यांची हाडं आहेत आणि टाकं-बिकं काही नव्हतंच, नैसर्गिक फट होती. दोन मजूर मेले म्हणून चौकशी अधिकारी नेमलाय, पाच मार्चला सुनावणी आहे. तिथे माणसं पुरलेली आहेत असं जुन्या दप्तरात कुठे निघालं, तर कायद्याने अख्ख्या किल्ल्यावरची खाण बंद होते. नाही निघालं, तर उरलेले चार बुरूज पावसाळ्याआधी खडी होऊन रस्त्यावर पडतील आणि ती माणसंही त्या खडीत जातील.

त्या दिवसापासून कावळे फार. धाकटे, सत्त्याऐंशी काढ. पान फाटकं असलं तर फाटकं पाठव.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी आहे. तरी माया कमी करू नकोस.

दादा

———

ता. ११ फेब्रुवारी

चि. वन्संस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं पाहून घाबराल, म्हणून आधीच सांगते, हे जिवंत आहेत. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी आहे.

सोमवारी भर दुपारी तीन जण दुकानात आले. एकाच्या हातात जुना तराजू होता, दुरुस्तीला म्हणून. यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तराजू पाहिला की माणसाचं तोंड पाहत नाहीत. हे वाकले तसं दोघांनी धरलं आणि यांचा उजवा हात त्या मोठ्या काट्याच्या फळीवर दाबून ठेवला. मूळ नकाशा दे म्हणाले. हे म्हणाले, नाही. तिसऱ्याने दुकानातलंच दहा किलोचं वजन उचललं आणि हातावर आपटलं. परत विचारलं. परत नाही. असं चार वेळा. मी मागच्या खोलीत होते. पहिला आवाज झाला तेव्हा मला वाटलं, वजन पडलं. दुसऱ्याला कळलं. मी चुलीवरचं उकळतं आधण उचलून बाहेर येईपर्यंत चौथा झाला, तेव्हा ते वजनवाल्याच्या तोंडावर ओतलं. त्याच्या गालाचं कातडं सुटताना मी पाहिलं, वन्सं, आणि मला अजून वाईट वाटलेलं नाही. ते पळाले. प्रत्येक घावाला काट्याची सुई थेट टोकाला जाऊन परत यायची, तेच डोळ्यांपुढे येतं.

पोलिसाने लिहिलं, दहा किलोचं वजन हातावर पडून अपघात. हे स्ट्रेचरवर, रक्त थांबेना, आणि त्याला सांगतात की अपघात नव्हे, मारहाण लिहा, आणि वजन दहा किलो नाही, नऊ किलो नऊशे ऐंशी ग्रॅम आहे, ते दुरुस्तीला काढलेलं होतं. पोलीस म्हणाला, बाई, यांना वाताचा झटका आलाय. मी म्हणाले, नाही, हे रोजच असे असतात.

नकाशा माझ्याकडे आहे, पडद्याच्या नळीत. यांनासुद्धा माहीत नव्हतं. तुमचं ते सत्त्याऐंशी की काय, ते असेल तर पाठवून द्या. नसेल तर नाही म्हणून स्पष्ट कळवा. हे गुंगीतसुद्धा आकडे म्हणतात आणि तिथे येऊन अडखळतात.

या घरात तुमची जागा आहे तशीच आहे. स्टूल मात्र डुगडुगतं.

तुमची,
वहिनी

———

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पान फाटकं नाही. कधीच नव्हतं. पूर्ण वहीत त्याच्याइतकं स्वच्छ पान दुसरं नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी यादी उतरवत होते, त्याच महिन्यात तू दुकानाच्या दारावरचा दगड कोरत होतास. बाबा सांगायचे ते, की आपला मूळपुरुष किल्ल्याच्या मागच्या दिंडीचा, म्हणजे छोट्या दरवाजाचा, कुलूपकार होता, वेढ्यात त्याला झोडपलं, चटके दिले, पण त्याने किल्ली दिली नाही आणि पायरीवरच मेला. तू मला दगडाचा फोटो पाठवलास. किल्ली दिली नाही. तीन शब्द, प्रत्येक अक्षर अडीच इंच, खाली रुंदी, खोली, वजन, सगळं लिहून. तो फोटो माझ्या टेबलावर होता आणि त्याच्या शेजारी वही उघडी होती. मी शहाऐंशी लिहिलं, आणि मग अठ्ठ्याऐंशी लिहिलं. तीस वर्षांत मी कागदाशी केलेली ही एकच बेइमानी, आणि ती तुझ्यासाठी केली. पण तुझ्यासाठी असं म्हणायचाही मला हक्क नाही. मलाही तो दगड आवडत होता.

आता जसंच्या तसं उतरवते.

क्रमांक ८७. बक्षिसाची पट्टी. किल्ल्याचे पायथ्यास, पूर्वेकडे. धारक, दिंडीचा कुलूपकार, हयात. नावाचे कारण, सदरहू इसमाने आपले हाती दुसरी किल्ली घडवून बाहेर पाठविली. ते वाटेने आपले लोक पहाटे आत गेले. दिंडीपाशी व अंगणात मिळून एकसष्ट असामी कापिले, बायकामुले धरून. पाण्यास गेलेली दोन मुले पळाली ती पायऱ्यांवर धरून मारिली, ती यांतच. प्रेते बुरुजाखालचे टाक्यात लोटून वर चुना ओतिला. सदर चाकरीबद्दल ही पट्टी बक्षीस.

पूर्वेकडची पायथ्याची पट्टी म्हणजे कोणती, हे मी तुला सांगायला नको. तुझं दुकान तिच्यावर उभं आहे. तू झोपतोस ती खोली तिच्यावर आहे. आपण लहानपणी लंगडी खेळलो ती तीच.

टाक्यात माणसं आहेत असं सांगणारी जगात ही एकच ओळ आहे, आणि तिच्यातच आपण आहोत. अर्धी कापून देता येत नाही. सही-शिक्क्याची नक्कल सोबत आहे, शिक्का मी मारलाय आणि नऊ वर्षांपूर्वी ही नोंद गाळल्याचं वरिष्ठांना लेखी कळवलंय. ते म्हणाले, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कशाला उकरता? मी म्हणाले, आमच्या घरात आता तेच चाललंय.

ही नक्कल तू चौकशीपुढे ठेव किंवा भट्टीवालीच्या भट्टीत टाक. तुझ्या हाताकडे पाहून मी तुला काहीच सांगणार नाही. तू टाकलीस तरी मी तुला दादाच म्हणेन.

हे पत्र फाडलंस तरी चालेल. माझ्यावर मात्र रागाव, गप्प राहू नकोस.

धाकटी

———

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे. तीन आठवडे सराव केला. ओळी चढतात, त्या उतरवायचं काम चालू आहे.

तुझी नक्कल आली तेव्हा मी वाचली आणि दोन दिवस ताटावर बसलो नाही. राग तुझा आला, तू सांगितलंस म्हणून येतोय असं समज. मग सगळ्यात जास्त दोनच शब्दांचा आला. आपले हाती. त्याने ती किल्ली कोणाकडून करवून घेतली नव्हती, स्वतः घडवली होती. चांगलीच घडवली असणार, एका फेऱ्यात लागली असणार, आपल्या घरातलं काम आहे. आणि कोणीतरी त्याच्या कारागिरीची तारीफही केली असणार. मी तर माझी किल्ली, म्हणजे ती नक्कल, खोलीसकट घडवून दिली. माझ्या किल्लीने मेले दोन. त्याने जमीन तरी घेतली, माझं काम मला सर म्हटलं तेवढ्यावर झालं. वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, पुरे, आता स्वतःला दोष देण्यातही पहिला नंबर नको. मग मी जेवलो.

सुनावणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. अर्धं गाव बाकांवर कोंबून बसलं होतं. इंजिनिअर जबड्याला तार बांधून आला होता, तो कागदावर लिहून उत्तरं देत होता. त्याला मारल्याचं मी तिथेही कबूल केलं. खाणमालकाच्या वकिलाने विचारलं की माझं शिक्षण किती. सातवी म्हणालो. मग म्हणाला की सातवी शिकलेल्या माणसाच्या नकाशावर खाण कशी बंद करायची. खोलीत हशा झाला. मी अधिकाऱ्याला म्हणालो, मला शिकवू नका, टेप घ्या आणि मोजा.

त्याआधी नोंद वाचायची होती. अधिकारी भला माणूस, त्याने कागद आधी पाहिला होता. मला हळूच म्हणाला की टाक्याचं तेवढं वाक्य वाचलं तरी कामाला पुरेल. मी पहिल्या शब्दापासून वाचलं. बक्षिसाची पट्टी, कुलूपकार, दुसरी किल्ली, सगळं. एकसष्टपाशी आलो तेव्हा मागे कोणाचा तरी बाक सरकला. पाण्याला गेलेल्या दोन मुलांपाशी मला थांबावं लागलं, ती मुठीएवढी कवटी मी पाहिली होती म्हणून. वाचून झाल्यावर इतकी शांतता होती की वकिलाचं पोट गुरगुरलं ते सगळ्यांना ऐकू आलं.

मग सगळे वर गेले. अधिकाऱ्याने स्वतः ढिगाऱ्यावरून वाकून टेप टाकला. मोरीच्या तोंडापासून टाक्याची कड बावीस फूट चार इंच. त्याने दोनदा मोजलं आणि नकाशावर सही केली. डॉक्टरांनी आतापर्यंत त्रेपन्न कवट्या मोजल्यात. आठ अजून दगडाखाली आहेत. खाण बंद झाली, पूर्ण, चारही बाजूंनी. खाणमालकावर दोन मजुरांच्या मरणाचा गुन्हा लागलाय. वजनवाला त्याच्या भाजलेल्या गालावरून सापडला, ते वहिनीचं कर्तृत्व.

आता गावाचं. भट्टीवाली म्हातारीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्यांची माणसं त्या किल्ल्यात गेली ती परत आली नाहीत. सुनावणीहून येताना ती माझ्या दारापाशी थांबली, दगड वाचला आणि त्यावर थुंकली. नेम चांगला आहे, साडेपाच फुटांवर. मी पुसलं नाही. रात्री कोणीतरी शटरला डांबर फासलं. दोन किराणावाल्यांनी काटे परत नेले, दुरुस्त न होताच. चौथ्या दिवशी म्हातारी तिचा तराजू घेऊन आली आणि काउंटरवर आदळून म्हणाली की पंचक्रोशीत दुसरा कोणी दुरुस्त करणारा नाही म्हणून आली आहे, माफी दिली असं समजून हुरळून जाऊ नकोस. मी म्हणालो, डाव्या हाताने वेळ लागेल. ती म्हणाली, तिच्या लोकांनी दोनशे वर्षं वाट पाहिली, ती आठवडाभर पाहील. आणि मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, हे डुगडुगतं.

दगड मी उतरवला. फोडणार होतो, पण दगड चांगला आहे, मी स्वतः घडवलाय, असा कसा टाकणार. त्याची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर एकसष्ट एवढाच आकडा कोरला. डाव्या हाताने कोरल्यामुळे सहा जरा कलला आहे. दुकानामागची मोकळी जागा, साठ फूट बाय चोवीस, मी हाडांसाठी मोजून दिली. सांधलेल्या मोजकाठीचं दुसरं टोक वहिनीने धरलं. तिथे हा दगड पालथा बसवणार, जुने तीन शब्द मातीकडे. आठ सापडेपर्यंत कोणाला पुरायचं नाही असं ठरलंय, एकसष्ट पूर्ण झाल्यावर एकदमच.

नकाशात आता एकशे त्रेचाळीस नावं आहेत. सत्त्याऐंशी मी आपल्या घरावर लिहिलंय, बाकीच्यांइतक्याच अक्षरात.

ये एकदा. तू फसवलंस म्हणून रागावून झालंय, आता तू सांगितलंस म्हणून भेटायचं आहे. प्रेम आहे, ते पूर्वीच्याच मापाचं.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी म्हणते की हेही लिहून ठेव, नाहीतर नोंदीला राहायचं नाही. सुनावणीच्या आदल्या सकाळी खाणमालक स्वतः दुकानात आला होता. तुझ्या नोंदीचा त्याला पत्ता लागला होता. ती नक्कल फाडून टाक, दारावरचा दगड आहे तसा राहील, गावात कोणाला कळणार नाही, असं म्हणाला. माझ्याकडून त्याला एकच ओळ सहीनिशी हवी होती, की टाक्याचं माप मी अंदाजाने लिहिलं आणि ते चुकलं. त्याबद्दल किती देणार तो आकडाही त्याने सांगितला. मी विचारलं, आकडा असा विचित्र का. तर म्हणाला, अठरा लाख त्या ओळीचे, आणि वरचे पन्नास हजार तुझ्या हाताचे. मी नाही म्हणालो. एकूण अठरा लाख पन्नास हजार.